एकाच आभाळाचे दोन वाटेकरी

२७ ऑगस्ट १९६७, रविवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या वेकमन गावाजवळ ऑर्टनर नावाचा छोटा विमानतळ होता. तिथल्या लोकांच्या उड्यांसाठी बी-२५ जातीचे एक जुने बॉम्बफेकी विमान त्या दिवशी वर गेले. दुसऱ्या महायुद्धात या जातीची विमाने बॉम्ब नेत. या विमानात पॅराशूट बांधलेली वीस माणसे होती. त्यांपैकी अठरा जण वीस हजार फुटांवरून उडी घेणार होते. खाली ढगांचा थर पसरला होता आणि विमानतळ दिसत नव्हता. रडारवरच्या नियंत्रकाने दिलेल्या ठिकाणावर विसंबून अठराही जण बाहेर पडले. ढगांतून खाली येताच त्यांना पाणी दिसले. ते ईरी सरोवर होते आणि किनारा चार-पाच मैल दूर. सोळा जण बुडाले, दोघांना बोटींनी वाचवले.

नियंत्रकाची चूक साधी होती. उड्यांचे छायाचित्रण करण्यासाठी एक छोटे सेस्ना विमान त्याच परिसरात, बरेच खालून उडत होते. पडद्यावरचा त्याचा ठिपका नियंत्रकाने बी-२५ चा समजला. साध्या रडारच्या ठिपक्यावर ना नाव असते, ना उंची. ठिपका विमानतळावर होता, माणसे मात्र सरोवरावर होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नियंत्रकाला दोष दिला. भरगच्च ढग असताना उडी टाकल्याबद्दल वैमानिक आणि उडी घेणारे यांनाही काही अंशी दोषी धरले. पुढे न्यायालयाने नियंत्रकाच्या चुकीबद्दल अमेरिकी सरकारला जबाबदार ठरवले.

या घटनेकडे सहसा बुडण्याची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. मला तीत वेगळा प्रश्न दिसतो. एकाच आभाळात उडी घेणारा माणूस आणि छोटे विमान असे दोन वाटेकरी असतील, तर कोण कुठे आहे हे कोणी कोणाला सांगायचे?

विमानाला इंजिन असते, सुकाणू असते, बहुधा रेडिओही असतो. विमानातून बाहेर पडलेल्या माणसाचे तसे नाही. तो ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने सरळ खाली येतो. साधारण तीन हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडेपर्यंत त्याला बाजूला होण्याची फारशी मुभा नसते. शिवाय तो मुका असतो. त्याच्या वतीने त्याला वर नेणारा वैमानिक बोलतो. अमेरिकी नियमांनुसार उडीच्या किमान पाच मिनिटे आधी त्या वैमानिकाने हवाई वाहतूक नियंत्रणाशी संपर्क साधावा लागतो. ढगात शिरून किंवा ढगातून उडी घेण्यास मनाई आहे, कारण एकमेकांना पाहून टाळणे हा इथला शेवटचा आधार आहे आणि ढग तोच काढून घेतो.

पण नियंत्रकाला कळले म्हणजे सगळ्यांना कळले असे होत नाही. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या छोट्या विमानाने बऱ्याच ठिकाणी नियंत्रकाशी बोललेच पाहिजे, असे बंधन नाही. अमेरिकेतल्या बहुसंख्य छोट्या विमानतळांवर नियंत्रण मनोरा नसतो. वैमानिक एका सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपापला ठावठिकाणा जाहीर करतात आणि दुसऱ्याचा ऐकतात. जुन्या, विजेची यंत्रणा नसलेल्या काही विमानांत तर रेडिओही नसतो.

जागेचीही अडचण आहे. उतरण्याआधी विमाने धावपट्टीभोवती जमिनीपासून साधारण हजार फुटांवर चौकोनी फेरी घालतात. नवखा वैमानिक त्याआधी थोड्या अधिक उंचीवरून विमानतळ ओलांडतो, वाऱ्याची दिशा पाहतो आणि मग फेरीत शिरतो. विमानांपुरते पाहिले तर ही शहाणपणाची रीत आहे. पण विमानतळाच्या डोक्यावरची तीच जागा उडी घेणाऱ्यांची खाली येण्याची वाट असते. वैमानिकाची नजर पुढे आणि खाली धावपट्टीवर असते. डोक्यावर छत किंवा पंख असल्याने सरळ वरून येणारा माणूस त्याला दिसणे जवळजवळ अशक्य असते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टनजवळ नेमके हेच घडले. खाली येणारा एक जण पायपर जातीच्या छोट्या विमानाच्या शेपटीवर आदळला. विमान कोसळून आतले चौघे ठार झाले. उडी घेणारा मात्र वाचला. उडी घेण्याचा धोका स्वतःहून पत्करलेला माणूस जगला आणि ज्यांचा उडीशी काही संबंध नव्हता ते गेले.

मार्च २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या मलबेरीजवळच्या साउथ लेकलंड विमानतळावर तिसरा प्रकार घडला. एक वयोवृद्ध वैमानिक सेस्ना १७० घेऊन उतरण्याचा आणि लगेच पुन्हा उड्डाण करण्याचा सराव करत होता. त्याच वेळी एक जण उघडलेल्या पॅराशूटखाली अगदी जमिनीजवळ आला होता. विमानाचा पंख पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला, माणूस हिसक्याने वर फेकला गेला आणि विमान नाकावर आपटले. जमिनीवरच्या एका छायाचित्रकाराने हा सगळा क्रम टिपला. दोघेही किरकोळ दुखापतींवर निभावले. इथे ना ढग होते, ना रडारची चूक. निरभ्र उजेडात दोघांनी एकमेकांना वेळेत पाहिले नाही, एवढेच.

अशा अपघातानंतर उड्या बंद करा अशी मागणी होते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण केंद्र सरकारच्या अनुदानावर उभ्या असलेल्या अमेरिकी विमानतळाला एखाद्या हवाई व्यवसायाला मनाला येईल तसे हाकलता येत नाही. सुरक्षेचे कारण पुढे केले, तर ते खरे की नाही हे केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन ठरवते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी दोघांनाही एकाच अंगणात नांदावे लागते.

सामायिक विहिरीवर पाळी ठरवतात ती कोणी वाईट असतो म्हणून नव्हे. पाळी ठरलेली नसेल, तर सज्जनांचीही मोट एकमेकांवर आदळते. विमानतळावरची पाळी म्हणजे नकाशावरचे पॅराशूटचे चिन्ह, वैमानिकांना आगाऊ दिलेली सूचना, उडी सुरू होताना सामायिक फ्रिक्वेन्सीवर केलेली घोषणा, विमानांच्या फेरीपासून दूर राखलेली पॅराशूटची उतरण्याची जागा, आणि उड्या चालू असताना डोक्यावरून न जाण्याचा संकेत. यातल्या कशालाही मोठी यंत्रे लागत नाहीत. मात्र यातले प्रत्येक काम कोणीतरी, दर वेळी, न कंटाळता करावे लागते.

ईरी सरोवरावरच्या अठरा जणांना रडारचा आधार होता, आणि रडारने दाखवलेला ठिपका खोटाही नव्हता. तो दुसऱ्याच विमानाचा होता. हे ते विमान नव्हे, एवढे एक वाक्य वेळेवर कोणी बोलले असते, तर सोळा जण संध्याकाळी घरी पोचले असते.