पाण्याचा वाटा

आमच्या नामपूरची मोसम नदी सह्याद्रीत उगम पावते, हरणबारी धरणातून खाली येते आणि मालेगावला गिरणेत मिसळते. नदी लहान, पण तिच्या काठच्या माणसांनी एक मोठे काम करून ठेवले आहे. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आपला बागलाण आणि शेजारचा धुळे जिल्हा, तीन-चारशे वर्षे ‘फड पद्धत’ नांदली. ती कोणत्या राजाच्या नावाने ओळखली जात नाही. साध्या कुणब्यांनी ती चालवली.

मी कवी, त्यामुळे आधी शब्दाकडे पाहतो. तमाशाचा फड असतो, कुस्तीचा असतो, उसाचाही असतो. एकट्याचा फड मात्र कधी नसतो! नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात आणायचे आणि शिवाराचे मोठे तुकडे पाडायचे. हे तुकडे म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पुढच्या वर्षी पिकांची पाळी बदलायची. साधारणपणे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवत. तोटा एकट्याच्या माथी न बसता सगळ्यांत वाटला जाई.

आपले शेत आपल्या हाताने भिजवायचे नाही, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा नियम. पाणी देणार पाटकरी, पीक राखणार जागल्या आणि दोघांवर देखरेख हवालदाराची. हा हवालदार पोलिसांतला नव्हे. मूळ शब्द अरबी-फारसी. ज्याच्या हवाली काही सोपवले आहे, तो हवालदार. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जाई. पाण्यावरचा हक्क आणि हातातले फावडे अशी एकत्र नांदत होती.

पण इतिहासाचे गोडवे गाताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याचे काय? फडाचा न्याय जमीनधारकांपुरता होता. शेतात राबणाऱ्या मजुराला त्यात वाटा नव्हता. आणि गावोगावी अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर पाणवठाच बंद होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो साधी माणसे महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावात जीव आला.

फडाचा राहिलेला धागा पुढे पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उचलला. व्यवसायाने ते अभियंता-उद्योजक. १९७२च्या दुष्काळाने हलून ते नायगावला गेले आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने द्यायचे: माणशी अर्धा एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, ऊस वर्ज्य आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. फडात जे नव्हते, ते इथे आले.

आपल्या जिल्ह्यातही बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरला १९९०च्या आसपास शेतकऱ्यांना एकत्र केले. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. शेतकरी मोजून पाणी घेऊ लागले आणि पट्टीही स्वतःच गोळा करू लागले. पुढे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा २००५चा कायदा आला. आधी माणसे चालली, कायदा मागून आला.

आज मोसमकाठी कांदा आहे, डाळिंब आहे, ठिबकही आहे. पण ज्याची त्याची विहीर, ज्याची त्याची मोटार. शेजारी दोनशे फूट गेला की आपण तीनशे फूट जायचे! जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही, एवढी साधी गोष्ट आपण विसरलो. जुने फड जसेच्या तसे परत येणार नाहीत, यावेत असेही नाही. त्यांच्यातला हिशेब मात्र परत आणता येईल. पावसाळा सरला की ग्रामसभेत बसावे, किती पाणी आले आणि किती पिकांना पुरेल हे मांडावे, आणि पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे. त्या बैठकीत कांदा लावणाऱ्या मजूर बाईलाही जागा असावी. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नसेल. पण उन्हाळ्यात हंडा घेऊन सर्वांत लांब तीच जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)