कर्ण्यातल्या 'सूं'चं कूळ

रामनवमीचं कीर्तन म्हटलं की कर्णा आलाच, मग ते समर्थांच्या जन्मगावी जांब समर्थला असो की आणखी कुठे. बुवा दम घ्यायला थांबले की कर्ण्यातून बारीक 'सूं' ऐकू येते आणि सगळं खापर अँप्लिफायरवाल्यावर फुटतं. या 'सूं'चं कूळ मात्र १९१८ पर्यंत मागे जातं.

त्या वर्षी जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी दाखवलं, की अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह कितीही उत्तम केला तरी दोन गोंगाट उरणारच. एक इलेक्ट्रॉन सुटे सुटे येऊन पडतात त्याचा, दुसरा उष्णतेचा. दुसरा गोंगाट बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन यांनी मोजला आणि १९२८ मध्ये छापला. त्यांनी कार्बन लावला, तार लावली, मोरचुदाचं पाणीसुद्धा लावून पाहिलं. (मोसंबीवर बोर्डो फवारणाऱ्या जालन्याच्या बागायतदाराला मोरचूद सांगायला नको.) गोंगाट सगळ्यांचा सारखाच! ओहम किती आणि तापमान किती, एवढ्यावरच तो ठरतो. गणित मांडलं हॅरी नायक्विस्ट यांनी. पण म्हणून मराठवाड्याच्या उन्हाला बोल लावू नये. पारा २७ वरून ४३ वर गेला तरी 'सूं' वाढते जेमतेम अडीच टक्के.

मग मेटल फिल्म रेझिस्टन्सला जास्त पैसे का मोजायचे? कारण प्रवाह वाहू लागला की कार्बनच्या कणाकणांमधले सांधे कुरकुरतात. ख्रिस्तेन्सेन आणि पिअरसन यांनी १९३६ मध्ये तेच तपासलं. ही कुरकुर उष्णतेच्या गोंगाटावर वरकड असते, आणि मेटल फिल्ममध्ये ती फार कमी.

तरीही सगळी पेटी मेटल फिल्मने भरणं मला उधळपट्टी वाटते. १९४४ मध्ये हॅराल्ड फ्रीस यांनी सूत्र दिलं, त्याचा मथितार्थ असा: पहिल्या टप्प्याने आवाज पुरेसा वाढवला, की पुढच्यांचा गोंगाट नगण्य. म्हणजे पैसा घालायचा तो माईकच्या तोंडाशी. २०० ओहमच्या माईकला १० किलोओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये लावला, की त्या जागचा गोंगाट सातपट होतो; तो रेझिस्टन्स कितीही भारी कंपनीचा असो. आयसीचंही तसंच. एनई५५३४ चा गोंगाट साधारण १ किलोओहमइतका, टीएल०७२ चा २० किलोओहमच्या घरात. कमी ओहमच्या माईकला सरळ पहिली लावावी. टीएल०७२ पुढे टोन कंट्रोलला खुशाल चालते.