सार्वजनिक वायफाय (भारत)

सार्वजनिक वायफाय : रेल्वे स्थानक, विमानतळ, ग्रंथालय, हॉटेल, उपाहारगृह अशा ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पुरवली जाणारी बिनतारी इंटरनेट सेवा. भारतात या सेवेचा वापरकर्ता बहुधा मोबाइल क्रमांकावरून ओळखला जातो. त्यामुळे सिमकार्ड नसलेल्या लॅपटॉपवर इंटरनेट सुरू करतानाही जवळ फोन असावा लागतो.

तंत्र : वायफायची जोडणी ८०२.११ या मानकावर चालते. हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यातील लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात व लांबवर पोहोचतात, पण गर्दीच्या ठिकाणी तो लवकर तुंबतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वेग अधिक मिळतो, पल्ला मात्र कमी असतो.

ओळख पटवण्याची अट : २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांशी संबंधित ई-मेल नवी मुंबईतील एका घरच्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून पाठवला गेल्याचे तपासात आढळले. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याची ओळख नोंदवून मगच जोडणी देण्याचे बंधन त्यांतून आले. आज ही नोंद मुख्यतः फोनवर येणाऱ्या ओटीपीने होते. परदेशी क्रमांकावर ओटीपी पोहोचेलच असे नसल्याने काही विमानतळांवर पासपोर्ट दाखवून कूपन घेण्याची सोय असते.

लॅपटॉप जोडण्याची रीत : यादीतून नेटवर्कचे नाव निवडले की लॅपटॉप हॉटस्पॉटशी जोडला जातो, पण इंटरनेट लगेच खुले होत नाही. संगणक-प्रणाली एका ठरावीक पत्त्यावर छोटी विचारणा करते. अपेक्षित उत्तराऐवजी दुसरेच पान आले, तर मध्ये लॉगिनचा अडसर आहे हे ओळखून ती ते पान उघडते. तेथे मोबाइल क्रमांक व ओटीपी भरावा लागतो. ही माहिती लॅपटॉपवरच भरावी. फोनच्या ब्राउझरमध्ये भरल्यास परवानगी फोनला मिळते.

लॉगिनचे पान आपोआप न उघडल्यास ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा साधा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. ‘एचटीटीपीएस’चे सुरक्षित पान मधल्या यंत्रणेला बिनबोभाट वळवता येत नाही, तेथे प्रमाणपत्राचा इशारा तरी दिसतो, नाहीतर पान अडकून राहते. लॉगिन होईपर्यंत व्हीपीएन बंद ठेवावे लागते. परवानगी बहुधा यंत्राच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे नेटवर्कवरील त्याच्या ओळख-क्रमांकाशी, बांधलेली असते. हा पत्ता सतत बदलण्याची सोय लॅपटॉपमध्ये चालू असेल, तर पुन्हा लॉगिन करावे लागू शकते.

प्रसार : गूगल व रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वायफाय सुरू केले. जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे त्यांचे ४०० वे स्थानक ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. डेटा स्वस्त व सुलभ झाल्याचे कारण देत गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये या कार्यक्रमातून माघार जाहीर केली. स्थानकांवरील सेवा रेलटेलने ‘रेलवायर’ या नावाने चालू ठेवली. तीत रोज पहिली ३० मिनिटे मोफत असून पुढे सशुल्क योजना घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ ही सेवा सुरू केली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. तिच्याखाली चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवाना न काढता वायफाय पुरवू शकतो. ग्राहकांची नोंद व हिशेब ठेवण्याचे काम दुकानदाराकडे नसून त्याच्यामागच्या नोंदणीकृत मध्यस्थ कंपनीकडे असते.

सुरक्षितता : ओटीपीमुळे वापरणारा कोण हे सेवा देणाऱ्याला कळते, वापरणाऱ्याचे संरक्षण त्याने होत नाही. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर हवेतून जाणारी माहिती सहसा कूटबद्ध नसते. एचटीटीपीएसमुळे पानावरील मजकूर झाकला जातो, पण कोणते संकेतस्थळ उघडले हे बहुधा कळू शकते. खऱ्या सेवेचेच नाव देऊन बनावट हॉटस्पॉट उभारणेही सोपे असते. म्हणून नेमके नाव तेथील कर्मचाऱ्यांकडून पडताळून घ्यावे. विंडोजमध्ये जोडणी ‘पब्लिक’ प्रकारची ठेवावी, फाइल शेअरिंग बंद करावे व प्रमाणपत्राचा इशारा आल्यास पुढे जाऊ नये. काम संपल्यावर नेटवर्क ‘विसरा’ असे लॅपटॉपला सांगितले, तर तो त्याच नावाच्या दुसऱ्या हॉटस्पॉटशी आपणहून जोडला जात नाही. बँकेचे व्यवहार किंवा कार्यालयीन कामासाठी फोनचा स्वतःचा, पासवर्ड लावलेला हॉटस्पॉट अधिक सुरक्षित असतो.