पिकअपचा गंजलेला तळपत्रा : दुरुस्ती

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हा कापूस, कोळसा आणि २०२२ पासून सिमेंट कारखान्याचाही परिसर. अशा भागात राबलेल्या पिकअपची केबिन मॅटखालून गंजते. पावसाळी चिखल, सांडलेल्या खताचे क्षार आणि कोळशाची ओली धूळ ओल धरून ठेवतात.

मॅट उचलून हातोडीने ठोकावे. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. कधी पेचकस सरळ आरपार जातो.

आधी बॅटरीची तार सोडावी, खालची ब्रेकनळी आणि डिझेलची नळी बाजूला घ्यावी. मग चकचकीत धातू लागेपर्यंत ग्राइंडरने कापावे. गंजावरच पट्टी ठोकणे ही काटकसर नव्हे. गंज आत पसरतच राहतो. सुमारे १.२ मिमी जाडीच्या पत्र्याचा तुकडा आलटूनपालटून टाके मारत जोडतात, नाहीतर तो तापून वाकतो.

वर रेड ऑक्साइड, सांध्यांत सीलंट, खालून डांबरी लेप. पाणी निघायची भोके मात्र उघडीच ठेवावीत.