घाम वाळल्यानंतरची मजुरी

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाने आपला तडाखेबंद फलंदाज रायन हॉवर्ड याचा करार वाढवला. पाच वर्षं, साडेबारा कोटी डॉलर. जुन्या कराराचे दोन हंगाम अजून बाकी होते. नवा करार २०१२ पासून लागू होणार होता. हॉवर्ड तेव्हा तिशीत पोचलेला.

ऑक्टोबर २०११ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात शेवटचा फलंदाज तोच होता. चेंडू मारून धावताना त्याच्या टाचेमागची शीर तुटली. नवा करार सुरू होण्याआधीच पाय गेला. त्यापूर्वी त्याने २८६ होमरन मारले होते. कराराच्या पाच हंगामांत फक्त ९६. म्हणून फसलेल्या करारांची गोष्ट निघाली की हे नाव हमखास येतं.

पण हिशेबाची वही जरा मागे उलटून पाहू. २००६ मध्ये हॉवर्डने ५८ होमरन मारले आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामाचं त्याचं वेतन होतं ३ लाख ५५ हजार डॉलर. नव्या करारात तो वर्षाला सरासरी अडीच कोटी घेणार होता, म्हणजे सुमारे सत्तरपट. तेही शरीर उताराला लागल्यावर.

हे उलटं गणित कुठून आलं? पूर्वी ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाच्या कलमामुळे खेळाडू संघाशी कायमचा बांधलेला असे. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूची अदलाबदल झाली, योगायोगाने फिलाडेल्फियाशीच. त्याचं वेतन तेव्हा सुमारे ९० हजार डॉलर होतं, तरी त्याने नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असं त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना कळवलं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पण १९७५ च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ही बेडी तोडली. पुढच्या वर्षी तडजोड झाली: सहा वर्षं सेवा केल्यावर खेळाडू मोकळा. म्हणजे गुलामी संपली, पण उमेदीची वर्षं संघाकडेच राहिली.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात दयेइतकाच व्यवहारही आहे. मजुरी वेळेवर दिली की ती कामाचीच किंमत राहते. लांबवली की देणाऱ्याला ती खैरात वाटू लागते आणि घेणाऱ्यावर ऐतखाऊपणाचा ठपका बसतो. हॉवर्डच्या बाबतीत हेच घडलं.

मग करार परवडला का? पुढच्या खेळाची खरेदी म्हणून नाही. दोन वर्षं आधीच सही करण्याची घाई संघाला महाग पडली, हे मान्यच करावं लागेल. हॉवर्डही कंगाल नव्हता. २००८ मध्ये लवादाने त्याला एक कोटी डॉलर मिळवून दिले होते आणि त्यानंतरच्या तीन वर्षांचा करार ५ कोटी ४० लाखांचा होता. पण फिलीजने गमावलेले पैसे मोजताना २००६ मध्ये वाचवलेले पैसेही मोजले पाहिजेत.

हॉवर्डला त्याची मजुरी उशिरा का होईना मिळाली. ज्याची शीर सहा वर्षं पुरी होण्याआधीच तुटते, त्याच्या बुडालेल्या मजुरीची यादी मात्र कुणी करत नाही.