हळदीतील कर्क्युमिन मोठ्या आतड्यापर्यंत कसे पोहोचवतात?

हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि पोटात घेतल्यावर रक्तात फारसे उतरत नाही. म्हणून संशोधक ते कायटोसानच्या नॅनोकणांत भरतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या कायटोसानवर धन विद्युतभार असतो, तर आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावर ऋण. त्यामुळे कण तिथे चिकटतात आणि औषध हळूहळू सुटते. कायटोसान जठराच्या आम्लात विरघळते, म्हणून कणांना आम्लात टिकणारे आवरण देतात. ते पुढे आतड्यात गेल्यावरच विरघळते.

हे प्रयोग मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवर झाले आहेत. त्यामुळे हळदीचे दूध किंवा गोळ्या हा कर्करोगाच्या उपचारांना पर्याय नाही. शौचातून रक्त जात असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.