दृष्ट का उतरत नाही?

धारवाडचे सप्तापूर म्हणजे विद्यार्थ्यांची वस्ती. १९१७ साली निघालेले कर्नाटक महाविद्यालय तेथून जवळच आहे. शिकवणीवर्गांच्या पाट्या आणि खानावळी यांनी रस्ते गजबजलेले असतात. याच रस्त्यांवर एखाद्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागी डोळे वटारलेला राक्षसाचा मुखवटा टांगलेला दिसतो, दुकानाच्या दाराशी कोहळा लोंबत असतो आणि रिक्षापुढे लिंबू-मिरची झुलत असते. मराठी घरात जिला दृष्ट म्हणतात, तीच शेजारच्या कानडी घरात दृष्टी. मराठी आई बाळाच्या गालावर तीट लावते, कानडी आई ‘दृष्टी बोट्टु’ लावते. भाषा दोन, पण भय एकच. विद्येच्या गावातही हे भय टिकावे कसे?

हे भय फार जुने आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात हिमालयातील त्रिककुद पर्वतावरच्या अंजनाचे एक सूक्त आहे. दुःस्वप्नापासून आणि दुष्ट हृदयाच्या माणसाच्या घोर नेत्रापासून रक्षण कर, अशी प्रार्थना त्यात अंजनाला केली आहे. बाळाच्या डोळ्यांतले काजळ आणि गालावरची तीट यांची नाती इतक्या दूरवर पोहोचतात. श्रीमद्भागवतात पूतनावधानंतर गोपींनी बाळकृष्णावरून गाईचे शेपूट फिरवून रक्षाविधी केल्याचे वर्णन आहे. साक्षात देवाचीही दृष्ट काढावी असे आईच्या मनाला वाटते, यातच या समजुतीचे बळ दिसून येते.

प्राचीनांनी यामागे केवळ अंधविश्वासच ठेवला होता असे मात्र नव्हे. त्यांच्यापाशी त्याची शास्त्रीय उपपत्ती होती. नेत्रातून तेज बाहेर पडते व ते वस्तूला जाऊन भिडते, म्हणून वस्तू दिसते, असे न्यायदर्शनाचे मत होते. बौद्धांनी आणि जैनांनी ते खोडून काढण्याचा यत्न केला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ग्रीसमध्ये प्लुटार्काने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळी या विषयावर एक संवादच रचला. मत्सरी माणसाच्या डोळ्यांतून अपायकारक प्रवाह निघतो आणि ताईताचे विचित्र रूप त्याची नजर आपल्याकडे ओढून घेते, असे त्यात प्रतिपादन आहे. गोऱ्या गालावरचा काळा ठिपका हेच तर करतो! पुढे अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरब पंडिताने प्रकाश डोळ्यांतून निघत नसून बाहेरून डोळ्यांत शिरतो, हे प्रयोगांनी दाखविले. दृष्टीचा शास्त्रीय आधार असा निखळला, परंतु दृष्ट मात्र राहिली.

कारण तिचा दुसरा आधार पाळण्याशी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी सुमारे एक मूल वर्षाच्या आत दगावत असे. सकाळी हसतेखेळते असलेले बाळ संध्याकाळी तापाने फणफणावे आणि त्याचे कारण कोणासच कळू नये, अशा स्थितीत आईने करावे तरी काय? मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकणे एवढेच तिच्या हाती होते. पुढे लस आली, स्वच्छ पाणी आले, औषधे आली. १९७७ मध्ये भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. आज बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसांच्याही खाली उतरले आहे. दुसरा आधारही असा बराचसा ढळला. तथापि दृष्ट पाळण्यावरून उठली आणि इमारतीवर, दुकानावर व रिक्षावर जाऊन बसली.

या चिवटपणाचे एक कारण त्या विधीतच आहे. निखाऱ्यावर मीठ तडतडते, कारण त्याच्या खड्यांत अडकलेले पाणी तापून वाफ होते व खडा फुटतो. मोहरीचेही तेच. पण तडतडाट जितका मोठा, तितकी दृष्ट मोठी असे मानले जाते. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही, तर दृष्ट होती म्हणून. लागला, तर ती नव्हती म्हणून. दोन्ही बाजूंनी विधी खरा ठरतो. शिवाय तान्ह्या मुलाचे रडणे बहुधा थोड्या वेळाने आपोआप थांबते. त्याचे श्रेय मात्र मोहऱ्यांना मिळते.

याहून खोल कारण माणसाच्या मनात आहे. घर बांधून झाले, धंदा बसला, मुलाला चांगले गुण मिळाले, की आनंदाबरोबरच एक धाकधूक सुरू होते. आपल्याला जे लाभले ते शेजाऱ्याला लाभलेले नाही, ही जाणीव बोचत राहते. आपल्या सुखाचे भय आणि दुसऱ्याच्या मत्सराचे भय यांचेच नाव दृष्ट. विज्ञानाने प्रकाशाचे नियम बदलले, रोगांची कारणे शोधली. पण एकाला मिळावे आणि दुसऱ्याला न मिळावे, ही स्थिती काही बदलली नाही. म्हणूनच हा तिसरा आधार अद्याप भक्कम आहे.

तीट लावल्याने कोणाचे काय बिघडते, असे विचारले जाते. केवळ ठिपक्याने फारसे बिघडत नाही. जरी डोळ्यांत घालण्याच्या सुरम्यात व काही बाजारी काजळांत शिसे आढळले असले, आणि ते तान्ह्या जिवास घातक असले, तरीही. खरी हानी दोन ठिकाणी होते. एक, तापलेल्या मुलाला वैद्याकडे नेण्यास जो उशीर होतो त्यात. दुसरी अशी की, दृष्ट लागली म्हटले म्हणजे ती कोणाची तरी लागलेली असावी लागते. मग बोट वळते ते निपुत्रिक जावेकडे, विधवा आत्याकडे, गरीब शेजारणीकडे. बारशाच्या दिवशी तिला पाळण्यापासून दूर ठेवतात. तिने बाळाचे कौतुक केले, की घरातल्यांच्या नजरा एकमेकींना भिडतात. जिच्या वाट्याला आधीच दुःख आले, तिच्याच माथी दुसऱ्याच्या दुखण्याचा दोष येतो. आणि हा आरोप उघड केला जात नसल्यामुळे तिला त्याचे उत्तरही देता येत नाही.

आईची माया हजारो वर्षे या विधीच्या रूपाने व्यक्त झाली, याचा उपहास करण्याचे कारण नाही. ती माया आज लसीच्या नोंदपत्रात आणि वेळेवर बोलावलेल्या डॉक्टरातही व्यक्त होऊ शकते. दृष्ट काढावयाचीच असेल, तर आधी ती आपल्या संशयाची काढावी, आणि बारशाच्या दिवशी त्या आत्याच्या हाती पाळण्याची दोरी द्यावी.